तारा बिंदूच राहिला पाहिजे : स्काय-वॉचर ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय’, चार वर्षांच्या वापरानंतर

ताऱ्यांची छायाचित्रे काढू लागलेला माणूस आधी कॅमेरा बदलतो, मग लेन्स बदलतो आणि आकाशाच्या गतीबरोबर कॅमेरा फिरवणाऱ्या यंत्राचा, म्हणजे ट्रॅकरचा, विचार सर्वांत शेवटी करतो. मीही याच क्रमाने गेले. २०२१च्या अखेरीस स्काय-वॉचर कंपनीचा ‘स्टार अ‍ॅडव्हेंचरर २आय’ घेतला आणि तेव्हापासून, पावसाळ्याचे महिने सोडले तर, बहुतेक अमावास्यांच्या आगेमागे जुन्नर तालुक्यातल्या एका शेतातून तो वापरत आले आहे. एवढ्या वापरानंतर माझे मत असे झाले आहे की, साध्या कॅमेऱ्याला चांगल्या ट्रॅकरची जोड मिळाली तर ती महागड्या कॅमेऱ्याहून अधिक फळ देते आणि महाराष्ट्रात या यंत्राची खरी परीक्षा ध्रुवाशी ते जुळवताना होते. मोटार, बॅटरी, वायफाय या गोष्टी त्यानंतर येतात.

ट्रॅकर लागतोच कशाला, हे एकदा आकड्यांत मांडलेले बरे. पृथ्वी स्वतःभोवती २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत एक फेरी पूर्ण करते, म्हणजे आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला सरकते (एका अंशाच्या ६० कला आणि एका कलेच्या ६० विकला). माझा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा साधा क्रॉप सेन्सरचा डीएसएलआर आहे आणि त्याचा एक पिक्सेल सुमारे ३.७ मायक्रॉनचा आहे. त्यावर १३५ मिमीची सॅमयांग एफ/२ लेन्स लावली की एका पिक्सेलमध्ये आकाशाचा साधारण ५.७ विकलांचा तुकडा मावतो. खगोलीय विषुववृत्ताजवळचा तारा हा तुकडा अर्ध्या सेकंदाच्या आतच ओलांडतो. ‘पाचशे भागिले केंद्रांतर’ हा नियम छायाचित्रणाच्या वर्गांत शिकवला जातो आणि त्याप्रमाणे, लहान (क्रॉप) सेन्सरमुळे केंद्रांतर दीडपट धरले की, अशा कॅमेऱ्याला एका छायाचित्रासाठी जेमतेम अडीच सेकंद मिळतात. तेवढ्या वेळातही तारा सहा-सात पिक्सेल लांबीची रेघ होऊन बसलेला असतो. भिंतीवर लावायच्या छायाचित्रात ती रेघ एखादे वेळी खपून जाईल, पण त्या ताऱ्याचे स्थान मोजायचे असेल तर ती खपत नाही, कारण रेघेचा मध्य कुठे धरायचा हा प्रश्न उरतोच. ज्याला छायाचित्रावरून नकाशा हवा आहे, त्याच्यासाठी तारा बिंदूच राहिला पाहिजे.

यंत्र दिसायला साधे आहे. मुख्य भाग दोन तळहातांत मावतो आणि वजनाला किलोभराच्या आसपास भरतो. आत १४४ दात्यांचे चक्र आणि ते फिरवणारा वर्म गिअर आहे. बाहेरच्या गोल खटक्यावर तारे, सूर्य आणि चंद्र यांच्या वेगवेगळ्या गतींची चिन्हे आहेत. जमिनीवरचे दृश्य आणि आकाश एकाच चौकटीत घेणाऱ्यांसाठी अर्धी गतीही दिलेली आहे. चार पेन्सिल सेलांवर ते रात्रभर चालते. कंपनी ११ तासांचा दावा करते आणि तो सौम्य हवामानापुरता खरा धरायला हरकत नाही, पण डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत मी पॉवर बँकेची वायर लावून ठेवते. पाच किलोंपर्यंत वजन पेलण्याची त्याची क्षमता सांगितली आहे. माझा कॅमेरा आणि लेन्स मिळून दीड किलोच्या आतच राहतात आणि माझ्या समाधानाचे निम्मे कारण या उरलेल्या क्षमतेत आहे. सांगितलेल्या मर्यादेच्या निम्म्याहून अधिक वजन अशा लहान यंत्रावर कधीच लादू नये, असे मला वाटते.

शेताचे मालक पहिल्या रात्री बराच वेळ बांधावर उभे राहून हे यंत्र पाहत होते. शेवटी त्यांनी विचारले, “ताई, हे चालू आहे की बंद? काही हललेलं तर दिसत नाही.” मी त्यांना लेन्सचे तोंड शेजारच्या बाभळीच्या कुठल्या फांदीकडे आहे ते पाहून ठेवायला सांगितले आणि ते पाण्याची बारी धरायला निघून गेले. त्या भागात थ्री-फेज वीज अनेकदा रात्रीच येते, त्यामुळे शेतकऱ्याची रात्र आणि आमची रात्र एकच असते. दोन तासांनी ते परतले तेव्हा लेन्स त्या फांदीला सोडून झाडाच्या पार पलीकडे गेली होती. त्यानंतर आम्ही येतो त्या रात्री विहिरीवरचा दिवा ते आपणहून बंद ठेवतात. कोणत्याही फिल्टरने साधली नसती एवढी सुधारणा माझ्या छायाचित्रांत त्या एका दिव्याने झाली आहे.

आता ध्रुवाविषयी. ट्रॅकरचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर असला तरच त्याचे फिरणे आकाशाच्या फिरण्याशी जुळते. त्यासाठी यंत्राच्या पोटातून आरपार जाणारी एक छोटी दुर्बीण, पोलर स्कोप, बसवलेली आहे. तिच्यातून पाहिले की घड्याळाच्या तबकडीसारखी आखणी दिसते आणि ध्रुवतारा त्या तबकडीवर ‘किती वाजता’ असायला हवा हे फोनवरचे अ‍ॅप सांगते. ध्रुव स्वतः खगोलीय ध्रुवबिंदूवर नाही, तो त्यापासून साधारण पाऊण अंशाहून थोडा कमी दूर आहे, म्हणून तबकडीच्या मध्यात न ठेवता त्याला त्याच्या वर्तुळावर योग्य जागी बसवावे लागते. माहितीपत्रकात हे काम पाच मिनिटांचे असल्यासारखे वाटते. त्या पत्रकामागे युरोपातले किंवा अमेरिकेतले आकाश असते, तिथे ध्रुव चाळीस-पन्नास अंशांवर, स्वच्छ हवेत ठळक दिसतो.

जुन्नर तालुका उत्तर अक्षांश १९च्या आसपास आहे. तिथे ध्रुव क्षितिजापासून १९ अंशांवर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन मुठींहूनही कमी उंचीवर असतो. तो दुसऱ्या प्रतीचा तारा आहे (प्रत हे तेजाचे माप, आकडा वाढला की तेज कमी). मार्च-एप्रिलमध्ये शेतांतला पालापाचोळा जाळला जातो, धूळ उडते, आणि एवढ्या कमी उंचीवर ध्रुव त्या राखाडी थरात बुडून जातो. त्यातच उत्तरेला डोंगर असेल तर त्या जागेवरून निमूटपणे दुसरीकडे जावे लागते. सह्याद्रीच्या कुशीत सुंदर, काळोख्या जागा पुष्कळ आहेत, पण त्यांतल्या कितीतरी जागा दक्षिणेला उघड्या आणि उत्तरेला कड्याने बंद असतात. जागा निवडताना मी आता आधी उत्तर पाहते, मग काळोख.

यासाठी एक खूण मला फार उपयोगी पडली. या अक्षांशावरून अगस्त्य तारा दक्षिणेला मध्यमंडलावर, म्हणजे आपल्या सर्वांत उंच जागी, येतो तेव्हा त्याची उंची सुमारे १८ अंश असते, म्हणजे ध्रुवाच्या उंचीएवढीच. थंडीच्या रात्री आधी दक्षिणेकडे पाहायचे. अगस्त्य पांढरा, स्थिर आणि तेजस्वी दिसत असेल तर उत्तरेचा ध्रुवही बहुधा सापडेल. तोच पिवळट होऊन लुकलुकत असेल तर पोलर स्कोपमध्ये डोळा घालण्याआधी मनाची तयारी ठेवावी. सप्तर्षींच्या मदतीने ध्रुव ओळखायची शाळेतली रीत नोव्हेंबरच्या संध्याकाळी आपल्याकडे चालत नाही, कारण तेव्हा सप्तर्षी क्षितिजाखाली असतात आणि शर्मिष्ठेवरूनच खाली उतरावे लागते. पोलर स्कोपच्या दृश्यात ध्रुवाऐवजी भलताच तारा धरून रात्र वाया घालवलेले दोघे-तिघे मला माहीत आहेत. आपल्याकडे ध्रुव इतका फिका आणि खाली असतो की ही चूक सहज होते.

समाधानाची बाब अशी की, १३५ मिमी लेन्सपुरते पाहिले तर अक्ष विकलेपर्यंत अचूक जुळण्याची गरज नाही. अक्ष १० कलांनी, म्हणजे पूर्ण चंद्राच्या रुंदीच्या एक-तृतीयांशाने चुकला, तरी दोन मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारा फार तर पाच विकला सरकतो. ते माझ्या कॅमेऱ्यावर एक पिक्सेलही भरत नाही. क्षितिजाजवळ वातावरणामुळे ध्रुव सुमारे तीन कला वर उचललेला दिसतो, तो फरकही या हिशेबात आरामात मिसळून जातो. म्हणून मी नव्यांना सांगते की, तबकडीवर ध्रुव त्याच्या जागेच्या जवळपास बसवा, स्क्रू घट्ट करा, पुन्हा एकदा डोळा लावून पाहा आणि कामाला लागा. ‘पुन्हा एकदा’ हे मात्र विसरू नये. वेजचा, म्हणजे यंत्राला कल देणाऱ्या खालच्या आधाराचा, स्क्रू घट्ट करताना अक्ष थोडा हलतो, आणि कॅमेरा चढवल्यावर ट्रायपॉडही दबतो.

ट्रायपॉडवर सगळे अवलंबून आहे असे म्हटले तरी चालेल. माझा पहिला ट्रायपॉड बाजारात सहज मिळणारा हलका होता, त्याची कंपनी कोणती हे इथे महत्त्वाचे नाही. नांगरलेल्या काळ्या मातीत त्याचे पाय रात्रभर इंचाइंचाने रुतत गेले आणि पहाटेची सगळी छायाचित्रे एकाच दिशेला ओढलेली निघाली. मी आधी मोटारीला दोष दिला. नंतर रात्रीच्या सुरुवातीची आणि शेवटची चौकट शेजारी ठेवून पाहिल्यावर खरे कारण कळले. आता जाड नळ्यांचा स्टीलचा ट्रायपॉड आहे, त्याचे पाय पूर्ण मिटलेले ठेवते आणि प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तळहाताएवढा तुकडा टाकते. गाडीच्या डिकीत त्या तीन फरश्या कायमच्या पडून असतात.

आपल्या अक्षांशावर अशा सर्वच लहान ट्रॅकरांना एक अडचण येते आणि ती यंत्राच्या घडणीतली आहे. ध्रुव खाली असल्यामुळे अक्ष जवळजवळ आडवा राहतो आणि तोलासाठी लावलेले काउंटरवेट फिरता फिरता ट्रायपॉडच्या पायाला टेकण्याची शक्यता असते. ते टेकले की मोटार अडते, गिअरवर ताण येतो आणि पुढची सगळी छायाचित्रे गेली म्हणून समजावीत. ट्रायपॉडचा पाय वजनाच्या वाटेत येणार नाही असा ठेवला आणि वजनाचा दांडा शक्य तितका आखूड वापरला, तर हे टळते. लक्ष्याचा पूर्ण प्रवास सुरू करण्याआधी हाताने एकदा फिरवून पाहिला, तर कुठे अडेल तेही कळते. याच आडव्या अक्षाचा एक लाभही आहे. पोलर स्कोपमधून पाहताना उत्तरेकडच्या देशांतल्या माणसाला मान जितकी मोडावी लागते तितकी आपल्याला लागत नाही, खुर्चीवर बसून जवळजवळ समोर पाहिल्यासारखे पाहता येते.

मोटारीच्या चालीबद्दल थोडे. १४४ दात्यांचे चक्र एका दिवसात एक फेरी घेते, म्हणजे वर्म गिअरची एक फेरी ९ मिनिटे ५८ सेकंदांची. या वेळात गिअर आदर्श गतीच्या किंचित पुढे जातो, किंचित मागे राहतो, आणि तारा पूर्व-पश्चिम झुलतो. सर्व लहान गिअरांच्या नशिबी हे आहेच. १३५ मिमीवर दोन मिनिटांची बहुतेक छायाचित्रे गोल ताऱ्यांची येतात. दहा मिनिटांच्या फेरीत चाल सर्वांत वेगाने बदलते तेव्हाची एखादी चौकट तेवढी बाजूला काढावी लागते. ३०० मिमी लेन्स लावली की पिक्सेल अडीच विकलांवर येतो आणि एक्स्पोजर अर्ध्या मिनिटावर आणावे लागते. त्याहून मोठ्या दुर्बिणीचा हट्ट या यंत्राशी धरू नये. ऑटोगाइडर, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून चाल आपोआप सुधारणारा छोटा कॅमेरा, जोडायची सोय आहे, पण मोटार एकाच अक्षाला असल्याने ती सुधारणाही पूर्व-पश्चिम दिशेपुरतीच होते. तोल साधताना पूर्वेकडची बाजू किंचित जड ठेवली, तर गिअरचे दाते एकमेकांना सतत टेकून राहतात आणि चाल बरीच सुधारते. ज्येष्ठ निरीक्षकांकडून शिकलेली ही क्लृप्ती मी एकाही रात्री सोडलेली नाही.

यंत्राला स्वतःहून लक्ष्य शोधता येत नाही. हवा तो तेजोमेघ किंवा तारकागुच्छ नकाशावर पाहून, ओळखीच्या ताऱ्यांवरून पायरी पायरीने जाऊन चौकटीत आणावा लागतो. काहींना ही उणीव वाटेल. मला ती अजिबात वाटत नाही, कारण आकाश पाठ होण्याचा दुसरा मार्ग मला तरी ठाऊक नाही. फक्त छापील फिरता नकाशा घेताना तो आपल्या अक्षांशासाठी केलेलाच घ्यावा. परदेशी दुकानांतले बहुतेक नकाशे चाळीस ते पन्नास अंशांसाठी असतात आणि त्यांत आपल्या दक्षिण क्षितिजावरची सारी श्रीमंती कापली जाते. नरतुरंगातला ओमेगा सेंटॉरी हा बंदिस्त तारकागुच्छ आपल्याकडे साडेतेवीस अंशांपर्यंत वर येतो, तो लंडनच्या क्षितिजावर कधी उगवतच नाही. एप्रिलच्या अखेरीस मध्यरात्रीच्या थोडे आधी त्याचे १३५ मिमी लेन्सने घेतलेले एक मिनिटाचे छायाचित्र माझ्या संग्रहात आहे. त्यात गुच्छाच्या कडेचे तारे सुटे दिसतात आणि मध्याकडे ते साखरेच्या ढिगासारखे एकमेकांत मिसळत जातात. त्याच चौकटीत खाली कडेला क्षितिजावरचा धुराचा पिवळा पट्टा चढलेला आहे, तोही मी कापून टाकलेला नाही.

या सगळ्या उठाठेवीतून नकाशा कसा होतो, हा माझ्या दृष्टीने या यंत्राचा सर्वांत मोठा उपयोग आहे आणि परीक्षणांत त्याविषयी फारसे वाचायला मिळत नाही. एका चौकटीत आकाशाचा साधारण साडेनऊ अंश बाय सव्वासहा अंशांचा भाग येतो. तारे बिंदूसारखे असतील तर ‘अ‍ॅस्ट्रोमेट्री डॉट नेट’सारखी मोफत प्रणाली ते छायाचित्र काही क्षणांत ओळखते. ती चार-चार तारे निवडते, त्यांच्यातल्या अंतरांचे प्रमाण काढते, आपल्या साठ्यातल्या आकृत्यांशी ते ताडून पाहते आणि चौकटीच्या मध्याचे विषुवांश व क्रांती (आकाशातले रेखांश व अक्षांश), पिक्सेलचे माप आणि चौकट किती अंशांनी कलली आहे, हे सर्व सांगते. तिथपासून त्या छायाचित्रातला प्रत्येक ठिपका म्हणजे आकाशातला एक नेमका पत्ता होतो.

२०२२च्या एप्रिलअखेरच्या अमावास्येला मी भुजंगधारी तारकासमूहाची चौकट घेतली होती. त्या समूहातल्या बीटा ताऱ्याच्या पूर्वेला सुमारे साडेतीन अंशांवर बर्नार्डचा तारा आहे. साडेनवव्या प्रतीचा हा लाल बटू तारा सुमारे सहा प्रकाशवर्षे दूर आहे आणि सर्व ताऱ्यांमध्ये त्याची निजगती, म्हणजे इतर ताऱ्यांच्या तुलनेत आकाशातली जागा बदलण्याची गती, सर्वाधिक आहे. १९१६ साली एडवर्ड बर्नार्ड यांनी ती गती नजरेस आणली. ती वर्षाला १०.३ विकलांहून थोडी अधिक आणि जवळजवळ थेट उत्तरेकडे आहे. तीन वर्षांनी, २०२५च्या एप्रिलअखेरीस, तोच कॅमेरा, तीच लेन्स आणि तोच ट्रॅकर घेऊन मी त्याच शेतात, त्याच बांधाजवळ उभी होते. पहाटे चारच्या सुमारास तो भाग जवळजवळ डोक्यावर येतो. त्यानंतर संधिप्रकाश सुरू होईपर्यंत पाऊण तास हाती असतो. दोन मिनिटांच्या चौदा चौकटी मिळाल्या.

घरी येऊन दोन्ही वर्षांची छायाचित्रे एकमेकांवर बसवली आणि संगणकावर आलटून पालटून दाखवायला सुरुवात केली. शेकडो तारे जागच्या जागी राहिले. एक फिकट नारिंगी ठिपका मात्र प्रत्येक वेळी उडी मारत होता, पाच पिक्सेल वर, पाच पिक्सेल खाली. ५.७ विकलांनी गुणून, तीन वर्षांनी भागून जो आकडा आला, तो पुस्तकातल्या आकड्याशी पिक्सेलच्या अंशापर्यंत जुळणारा होता. लहानपणापासून ज्यांना ‘स्थिर तारे’ म्हणत आलो, त्यांतला एक माझ्या शेतावरच्या साध्या कॅमेऱ्यापुढून सरकला होता. हे केवळ ट्रॅकरमुळे शक्य झाले. अडीच सेकंदांच्या, रेघा उमटलेल्या छायाचित्रात पाच पिक्सेलांची ही हालचाल रेघेतच विरून गेली असती.

ही रीत काही नवीन नाही. १८८७ साली पॅरिसच्या परिषदेत साऱ्या आकाशाचा छायाचित्रांवरून नकाशा करायचे ठरले आणि जगभरच्या वेधशाळांनी क्रांतीचे पट्टे आपापसांत वाटून घेतले. पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या बंधूंनी पॅरिसला तयार केलेली दुर्बीण त्यासाठी नमुना ठरली. छायाचित्राच्या काचेवरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातली एक कला, हे तिचे प्रमाण होते. पुढे हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने आठ इंची कुक अ‍ॅस्ट्रोग्राफवर दक्षिण क्रांती १७ ते २३ अंशांचा पट्टा पुरा केला. आपल्या मराठवाड्याचे जिल्हे तेव्हा त्याच संस्थानात होते. त्या काळी यंत्राला घड्याळी चाल असली तरी निरीक्षकाला शेजारच्या मार्गदर्शक दुर्बिणीतून एका ताऱ्यावर डोळा रोखून बसावे लागे आणि तारा तारेच्या फुलीवरून ढळला की हाताने तो परत आणावा लागे. त्या काचांवरून मोजलेल्या स्थानांचा उपयोग १९व्या-२०व्या शतकाच्या संधिकाळापुरता राहिला नाही. ताऱ्यांची स्थाने मोजणाऱ्या हिपार्कस उपग्रहाच्या मापनांशी त्यांची तुलना करून २००० साली प्रसिद्ध झालेल्या टायको-२ या तालिकेत सुमारे २५ लाख ताऱ्यांच्या निजगती काढल्या गेल्या. माझ्या लेन्सवर सेन्सरचा एक मिलिमीटर म्हणजे आकाशातल्या २५ कला, त्या दुर्बिणीच्या तुलनेत फारच ढोबळ. पण जुनी चौकट आणि नवी चौकट यांतला फरक मोजण्याची ती पद्धत आज एका पिशवीत मावते.

याच किमतीच्या आसपास इतर पर्याय आहेत. याच मालिकेतल्या जीटीआय या पुढच्या यंत्राला दोन्ही अक्षांवर मोटारी आहेत, ते लक्ष्य स्वतः शोधते आणि दोन्ही दिशांना मार्गदर्शन घेते. आकाशाची ओळख आधीच पक्की असेल आणि लांब लेन्स वापरायची असेल, तर त्याचा विचार करावा. दुसरीकडे सी-स्टार एस५० सारख्या, सारे काही स्वतः करणाऱ्या छोट्या दुर्बिणी लोकप्रिय झाल्या आहेत. ५० मिमी भिंग आणि २५० मिमी केंद्रांतर असलेले हे यंत्र गच्चीवर ठेवून दहा मिनिटांत तेजोमेघ दाखवते आणि शहरात राहणाऱ्या, वेळ कमी असलेल्या माणसासाठी ते खरोखर उत्तम आहे. त्याची चौकट मात्र साधारण १.३ अंश बाय ०.७ अंश एवढीच आहे. कृत्तिकांचा पूर्ण गुच्छ तिच्यात एकदम मावत नाही, ज्येष्ठेभोवतीचे रंगीत मेघ किंवा धनू राशीतला आकाशगंगेचा पट्टा तर दूरच. ज्याला आकाशाचे विस्तीर्ण प्रदेश टिपायचे आहेत, त्याने ट्रॅकर आणि लेन्स हीच जोडी घ्यावी.

खरेदी करताना खोक्यात काय काय येते हे विक्रेत्याकडून लिहून घ्यावे. नुसते यंत्र, आणि वेज, क्रांतीचा कंस (कॅमेरा उत्तर-दक्षिण वळवता येणारी पट्टी) व काउंटरवेट यांसह येणारा पूर्ण संच असे दोन प्रकार दुकानांतून मिळतात, आणि लेन्स वापरणाऱ्याला दुसराच लागतो. मला आलेल्या खोक्यात काउंटरवेटचा दांडा नव्हता. तो यायला महिना लागला आणि त्या हिवाळ्यातली पहिली अमावास्या तशीच गेली. खोके उघडताना फोनवर चित्रण करून ठेवले असते, तर तक्रारीला पुरावा राहिला असता. घरी आणल्यावर सेल घालून आधी दिवसा चालवून पाहावे, उत्तर-दक्षिण गोलार्धाची कळ उत्तरेवर आहे याची खात्री करावी, आणि पोलर स्कोपची आखणी मध्यात बसली आहे का हे दूरच्या एखाद्या टॉवरच्या टोकावर रोखून, यंत्र अर्धा फेरा फिरवून तपासावे. टोक मध्यावरून हलले तर आखणीचे तीन बारीक स्क्रू हलक्या हाताने सारखे करावे लागतात. हे काम दिवसाउजेडी अर्ध्या तासाचे आहे, काळोखात ते जमत नाही. दवासाठी लेन्सभोवती गुंडाळायची गरम पट्टी मात्र त्याच दिवशी मागवावी. नोव्हेंबरपासून जुन्नरच्या पठारावर मध्यरात्रीनंतर भिंगावर दव धरते, आणि ते पुसायला कॅमेऱ्याला हात लावला की चौकट हलते.

बर्नार्डच्या ताऱ्याची चौकट मी पुन्हा २०२८च्या एप्रिलमध्ये घेणार आहे. तिच्या मध्याचे विषुवांश आणि क्रांती, लेन्सची फोकसची खूण आणि ट्रायपॉडच्या तीन फरश्या बांधापासून किती पावलांवर ठेवायच्या, हे वहीत लिहून ठेवले आहे.